कॅमेऱ्यातला 'मर्द' तयार कसा होतो? धरणगावच्या चौकापासून मालेगावच्या सुपरमॅनपर्यंत

जळगाव जिल्ह्यातलं धरणगाव असो, नाहीतर महाराष्ट्रातलं कुठलंही तालुक्याचं गाव. चौकात उभं राहून वर बघितलं की वाढदिवसाचा एखादा फ्लेक्स दिसतोच. मधोमध 'भाऊ' किंवा 'दादा', डोळ्यांवर गॉगल, छातीवर हाताची घडी, पांढरा शर्ट, गळ्यात चेन, चेहऱ्यावर हसू नाही. खाली शुभेच्छुकांच्या छोट्या फोटोंची रांग, आणि त्यातही प्रत्येकाला भाऊसारखंच दिसायचंय.

यातला बहुतेक जण प्रत्यक्षात भेटला तर मस्त हसतो, चहा पाजतो, पोरीला शाळेत सोडायला जातो. मग फोटोत तो असा का उभा राहतो? त्याला हे कुणी शिकवलं?

याचं उत्तर दीडशे वर्षांच्या फोटोंत आणि शंभराहून जास्त वर्षांच्या सिनेमात आहे. बरंचसं उत्तर तर आपल्या खान्देशात आणि आसपासच सापडतं.

आधी एक फरक समजून घेऊ

पुरुष असणं आणि 'मर्द' असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शरीराची, दुसरी समाजाने ठरवलेली. मर्दाने कसं बोलावं, कसं चालावं, कशावर रडू नये, किती कमवावं, याचे नियम गावागणिक, जातीगणिक आणि काळागणिक बदलतात.

ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ आर. डब्ल्यू. कॉनेल यांनी १९९५ साली 'मॅस्क्युलिनिटीज' हे पुस्तक लिहिलं. नावातच अनेकवचन आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पुरुष असण्याच्या तऱ्हा अनेक असतात, पण एका वेळी त्यातली एक तऱ्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसते. बाकीच्या तऱ्हा कमी दर्जाच्या ठरतात. गंमत म्हणजे त्या 'वरच्या' तऱ्हेत पूर्णपणे बसणारे पुरुष फार थोडे असतात. तरी मोजमाप सगळ्यांचं त्याच पट्टीने होतं.

ही पट्टी लोकांच्या डोळ्यांत भरवण्याचं मोठं काम फोटो आणि सिनेमाने केलं.

एकाच गावातले दोन पुरुष

कॅमेरा येण्याआधीची गोष्ट. १८१८ मध्ये खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरातले भिल्ल मात्र सहजासहजी ताब्यात येईनात. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभी केली, तिचं नाव भिल्ल कोअर. तिचं मुख्य ठाणं होतं धरणगाव. आउट्रम वाघाच्या शिकारीसाठीही प्रसिद्ध होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. जे भिल्ल कालपर्यंत सरकारी कागदांत 'लुटारू' होते, तेच गणवेश चढवल्यावर 'शूर' आणि 'इमानी' झाले. माणसं तीच, फक्त लेबल बदललं. कोण शूर आणि कोण गुन्हेगार, हे ठरवणारा तिसराच होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हीच पद्धत देशभर वापरली. काही समाजांना 'लढवय्या जाती' म्हटलं, बाकीच्यांना बायकी किंवा भित्रं ठरवलं.

त्याच धरणगावात १३ ऑगस्ट १८९० रोजी त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म झाला. म्हणजे आपले बालकवी. १९०७ मध्ये जळगावला पहिलं मराठी कविसंमेलन भरलं. अध्यक्ष डॉ. का. र. कीर्तिकर यांनी या कोवळ्या मुलाची कविता ऐकून त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. फुलं, पाऊस, झरे आणि मनातली उदासी हा त्यांच्या कवितेचा विषय. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात ते गेले, तेव्हा वय होतं अवघं २७.

एकीकडे वाघ मारणारा साहेब, दुसरीकडे फुलाला राणी म्हणणारा पोरगा. दोघेही पुरुष, आणि गावही एकच. पुढे कॅमेऱ्याने यातल्या कुणाची नक्कल केली, ते चौकातला फ्लेक्स सांगतोच.

फोटो आला आणि पोझ आली

१८३९ मध्ये युरोपात फोटोग्राफीची घोषणा झाली. पुढच्याच वर्षापासून कॅमेरे भारतात पोचू लागले आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्याशी संबंधित विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यातली युक्ती बघा. माणसांचे फोटो एका जागी काढायचे, मग त्यांच्या मागे देवळाचं, रस्त्याचं किंवा समुद्राचं वेगळंच दृश्य जोडायचं. आज आपण ज्याला 'बॅकग्राउंड चेंज' म्हणतो, ते दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत चालू होतं.

याच काळात पुरुषाचे काही ठरावीक फोटो रूढ झाले. मेलेल्या वाघावर पाय ठेवलेला शिकारी, तलवारीच्या मुठीवर हात ठेवलेला संस्थानिक, छाती फुगवलेला पैलवान. तुमच्या घरच्या जुन्या अल्बममध्येही एक नमुना सापडेल. आजोबा खुर्चीत पाय फाकवून बसलेले आणि आजी बाजूला उभी, हात खुर्चीच्या पाठीवर. ही जागा बहुतेक वेळा स्टुडिओवाला ठरवायचा. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७० च्या दशकात जाहिरातींतले शेकडो फोटो तपासून हेच दाखवलं. पुरुष उंच, मध्यभागी आणि वस्तू घट्ट पकडलेला. बाई खाली, कडेला, वस्तूला किंवा स्वतःलाच अलगद स्पर्श करणारी.

फोटो 'खरं' दाखवत नाही, तो रचलेला असतो, हे खान्देशात एका माणसाने अख्खं आयुष्य घालवून दाखवलं. चाळीसगावचे केकी मूस (१९१२ ते १९८९). रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरात हा पारशी कलावंत जवळपास पन्नास वर्षं राहिला आणि क्वचितच बाहेर पडला. टेबलटॉप फोटोग्राफीत त्यांचा हातखंडा होता. म्हणजे टेबलावर छोट्या वस्तू मांडायच्या, उजेड नेमका पाडायचा आणि बघणाऱ्याला वाटावं की समोर अख्खा निसर्ग आहे.

त्यांच्याबद्दल एक आख्यायिका चाळीसगावात आजही सांगतात. मुंबईची प्रेयसी कधीतरी रेल्वेने येईल म्हणून ते रात्रीची गाडी येईपर्यंत दार उघडं ठेवून वाट बघायचे. यातलं खरं किती ते सोडा, पण गावाने ही गोष्ट जपली. वाट बघणारा, हळवा, घरात रमणारा पुरुष लोकांना आवडू शकतो, याची ती खूण आहे.

पहिली 'हिरोईन' पुरुषच होती

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी बाई मिळेना. शेवटी फाळक्यांनी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवली.

खरी कमाल पुढे आहे. १९१७ च्या 'लंका दहन' मध्ये याच साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. शरीर एकच होतं. पोशाख, उभं राहण्याची ढब आणि कॅमेऱ्याची जागा बदलली की प्रेक्षक एकदा रामाला हात जोडायचे, एकदा सीतेला. मर्दानगी 'घडवली' जाते म्हणजे काय, याचं यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

रंगभूमीवर तेव्हा बालगंधर्वांचा जमाना होता. त्यांच्या साडीची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत असत असं सांगितलं जातं. बाईपण कसं दिसावं हे एक पुरुष शिकवत होता आणि महाराष्ट्र त्याला डोक्यावर घेत होता.

मराठी पडद्यावरचा पुरुष नेहमी 'माचो' नव्हता

आपल्याला वाटतं, हिरो म्हणजे मारामारी. मराठी सिनेमाचा इतिहास वेगळंच सांगतो.

१९३७ च्या 'कुंकू' मध्ये व्ही. शांताराम यांनी तरुण मुलीशी लग्न करणारा म्हातारा नवरा दाखवला आणि त्याला त्याची चूक कळतानाही दाखवलं. १९३९ च्या 'माणूस' मधला नायक पोलिस शिपाई आहे. वर्दी अंगावर असूनही तो मनाने डळमळणारा आहे.

१९५३ चा 'श्यामची आई' तर थेट खान्देशाशी नातं सांगतो. मूळ पुस्तक लिहिणारे साने गुरुजी धरणगावच्या शेजारच्या अमळनेरला शिक्षक होते. आईच्या मायेने घडलेला, रडायला न लाजणारा मुलगा हा या गोष्टीचा गाभा. आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट केला आणि सर्वोत्तम चित्रपटासाठीचं पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळालं.

१९७१ चा 'सोंगाड्या' आला आणि दादा कोंडके स्टार झाले. ढगळ हाफ पँट, लोंबणारी नाडी, 'आये'च्या धाकात असलेला भोळा गडी. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी' मध्ये तर भाड्याची खोली मिळावी म्हणून सचिन पिळगावकर आणि लक्ष्मीकांत बेर्डे साडी नेसतात. आजही घराघरात तो चित्रपट पाठ आहे. पण या दोन्हीत एक मेख आहे. हळवा किंवा साडीतला पुरुष तिथे चालतो, कारण तो हसवतो.

दरम्यान हिंदीत १९७३ चा 'जंजीर' आणि १९७५ चा 'दीवार' आले होते. सलीम-जावेद यांनी लिहिलेला आणि अमिताभ बच्चन यांनी उभा केलेला 'अँग्री यंग मॅन' गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत पोचला. व्यवस्थेवरचा त्याचा राग खरा होता. पण मागे उरली ती राग दाखवण्याची ढब. तीच पुढे पोस्टरवर, मग फ्लेक्सवर आणि आता रीलवर आली.

हाच प्रश्न न हसता विचारला १ जानेवारी २०१० ला आलेल्या रवी जाधव यांच्या 'नटरंग'ने. आनंद यादव यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. पैलवानी शरीराचा शेतमजूर गुणा तमाशाच्या वेडापायी 'नाच्या' होतो. अतुल कुलकर्णी यांनी त्यासाठी आधी अंग कमावलं, मग उतरवलं. गुणा तोच असतो, पण चाल बदलताच गाव त्याची किंमत शून्य करतं. त्याच्याही आधी आलेल्या 'जोगवा' मध्ये देवीला सोडलेल्या, साडी नेसायला भाग पाडलेल्या पुरुषाच्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना सर्वोत्तम अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि २०१६ चा 'सैराट'. बुलेट आर्ची चालवते, ट्रॅक्टर आर्ची चालवते. परश्या लाजतो, झुरतो. नागराज मंजुळे यांनी नेहमीची मांडणी उलटी केली. शेवटी जी हिंसा येते, तीही 'घराण्याची इज्जत' सांभाळणाऱ्या पुरुषांकडून येते.

कॅमेरा 'मर्द' कसा बनवतो? पाच युक्त्या

१. कॅमेरा खाली, माणूस वर. खालून घेतलेल्या शॉटमध्ये छाती आणि जबडा मोठा दिसतो. फ्लेक्सवरचा भाऊ मुळातच उंचावर टांगलेला असतो, म्हणजे ही युक्ती फुकटात साधते.

२. वेळ ताणणं. सिनेमा सेकंदाला साधारण २४ चित्रांच्या वेगाने चालतो. ४८ किंवा जास्त चित्रं टिपून ती २४ च्या वेगाने दाखवली की चाल संथ होते आणि साधं चालणंही 'एंट्री' वाटतं.

३. बाजूचा कडक उजेड. चेहऱ्याच्या एका बाजूला सावली पडली की रेषा ठळक होतात, माणूस कठोर दिसतो. मऊ उजेड बहुतेक वेळा नायिकेच्या वाट्याला येतो.

४. डोळे लपवणं. गॉगल हा फक्त फॅशनचा भाग नाही. भीती, प्रेम, थकवा सगळं डोळ्यांत दिसतं. ते झाकलं की माणूस अभेद्य वाटतो.

५. बघणाऱ्यांचे चेहरे. हिरो येतो आणि कट होतो बाकीच्यांच्या भेदरलेल्या चेहऱ्यांवर. हिरोचा दरारा ते चेहरेच तयार करतात. फ्लेक्सवरची शुभेच्छुकांची रांग तेच काम करते.

यात बाई कुठे असते? ब्रिटिश अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी १९७५ मध्ये एका गाजलेल्या लेखात सांगितलं की मुख्य प्रवाहातल्या सिनेमात पुरुष बघतो आणि बाई बघितली जाते. कॅमेरा पुरुषाच्या डोळ्यांच्या जागी ठेवलेला असतो. त्यामुळे पडद्यावरचा मर्द घडवताना प्रेक्षकातल्या मुलालाही शिकवलं जातं की बाईकडे बघायचं कसं.

मालेगावचा सुपरमॅन: पट्टीच उलटी धरली तर?

आता खान्देशाच्या वेशीवर, नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात जाऊ. यंत्रमागाचं शहर. आठवडाभर मागावर राबायचं आणि सुटीच्या दिवशी सिनेमा बघायचा. इथल्या नासिर शेख यांनी हौसेने, तुटपुंज्या पैशांत 'मालेगाव के शोले' केला. मग त्यांनी सुपरमॅन करायचं ठरवलं.

त्यांचा सुपरमॅन कोण? शफीक शेख, काडीसारखा बारीक यंत्रमाग कामगार. हा सुपरमॅन हवेत उडतो, पण मालेगावच्या धुळीने त्याला दम लागतो. हॉलिवूडच्या सुपरमॅनच्या छातीवरचे स्नायू त्याच्याकडे नाहीत. त्याच्याकडे आहे मागाच्या खडखडाटात काम करणाऱ्या माणसाचं खरं शरीर. हे सगळं फैजा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटात टिपलं. पुढे याच माणसांवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' हा चित्रपट केला, जो फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झाला.

हा सुपरमॅन विनोदी आहेच. पण नीट बघितलं तर हसू त्या शरीरावर थांबत नाही, ते हॉलिवूडच्या पट्टीकडे वळतं. धूळ, तंबाखू आणि बारा-बारा तासांचं काम जिथे आहे, तिथे तसा हिरो येणार कुठून?

मालेगावच्याच मातीतून पुढे यूट्यूबवर 'खान्देश का दादा' आणि 'छोटू दादा' आले. त्यांना कोट्यवधी व्ह्यूज मिळाले. बुटका माणूस गॉगल लावून 'दादा' होतो, दरडावतो, मार खातो. इथे मात्र दोन्ही गोष्टी एकत्र चालतात. दादागिरीची टर उडवली जाते हे खरं. पण 'खरा दादा उंच आणि धिप्पाड असतो' हे गृहीत धरल्याशिवाय तो विनोद चालतच नाही. म्हणजे पट्टीवर हसायचं आणि तीच पट्टी वापरायची.

रुबाब दाखवायची परवानगी कुणाला?

मर्दानगीची पोझ सगळ्यांना सारखी परवडत नाही. २०१७ मध्ये गुजरातमधल्या गांधीनगरजवळच्या लिंबोदरा गावात मिशा ठेवल्या म्हणून दलित तरुणांना मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. उत्तर म्हणून शेकडो तरुणांनी मिशीवर ताव देतानाचे सेल्फी सोशल मीडियावर टाकले. एरवी ज्या पोझला आपण उथळ म्हणू, तीच तिथे बरोबरीची मागणी ठरली.

आणि गावोगाव दिसणारी बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा आठवा. सूट, चष्मा, हातात पुस्तक. तलवार नाही, दंड नाहीत. पुरुषाचं सामर्थ्य शिक्षणात दाखवणारी ही प्रतिमा महाराष्ट्रात घराघरात आहे. दुसरी पट्टी शक्य आहे, याचा पुरावा शोधायला लांब जायची गरज नाही.

पण फोटोने बिघडतं काय?

एका फ्लेक्सने काही बिघडत नाही. पण सकाळपासून रात्रीपर्यंत, चौकात आणि मोबाइलवर, एकाच तऱ्हेचा पुरुष दिसत राहिला तर बाकीचे पुरुष दिसेनासे होतात. कापसाचा भाव पडल्यावर बांधावर बसून राहिलेला बाप. नोकरी नाही म्हणून लग्न जमत नसलेला मुलगा, ज्याच्या बायोडाटावर तरी गॉगलचाच फोटो आहे. बायको आजारी असताना भाकरी थापणारा नवरा. हे पुरुष आपल्या आसपास आहेत, पण त्यांचा स्टेटस कुणी ठेवत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत अनेक वर्षं एक गोष्ट सारखी दिसते. देशात आत्महत्या करणाऱ्या दर दहा जणांत साधारण सात पुरुष असतात. त्याची कारणं अनेक आहेत, कर्ज, आजारपण, घरातले ताण. त्याचा दोष कुठल्या सिनेमावर टाकता येणार नाही. पण 'मला झेपत नाही' हे वाक्य बोलणारा पुरुष आपण पडद्यावर किती वेळा बघितला? जे कधी बघितलंच नाही, ते तोंडातून निघायला जड जातं. तुमच्या ओळखीत कुणी असा घुसमटत असेल तर टेलि-मानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, तिथे मराठीतही बोलता येतं.

पुढचा फोटो बघताना

रील, पोस्टर किंवा फ्लेक्स समोर आला की तीन प्रश्न विचारून बघा. कॅमेरा कुठे ठेवलाय? या माणसाला मोठं दाखवण्यासाठी कुणाला लहान केलंय? आणि हा माणूस असा उभा नसता तर आपल्याला तो कमी वाटला असता का?

हे प्रश्न स्वतःच्या डीपीलाही विचारायचे. गॉगल लावू नका, असं कुणीच म्हणत नाहीये. फक्त गॅलरीत हसताना, दमलेला असताना, पोराला झोपवताना काढलेला फोटोही असू द्या, आणि कधीतरी तोच स्टेटसला लावा. धरणगावचं नाव मराठी शाळेतल्या मुलांपर्यंत पोचलं ते शेवटी फुलं आणि पाऊस बघणाऱ्या बालकवींमुळेच.